ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे

मी जिथे इंटर्नशिप केली त्या हॉस्पिटलात आमच्या विभागाच्या दारावर 'ओ. टी.' अशी दोन अक्षरं होती. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी घाबराघुबरा नातेवाईक धावत आत शिरायचा. "पेशंटला आत घेतलं का हो?" समोर काय दिसायचं? एक आजी पत्र्याच्या डब्यातले मणी ओवत बसलेल्या आणि एक पोरगा झोपाळ्यावर पालथा पडून खाली ठेवलेले चेंडू गोळा करतोय. बिचारा माणूस चक्रावून जायचा. मग आम्ही त्याला ऑपरेशन थिएटरचा मजला सांगायचो.

पुढे कुणीतरी शहाणपणा करून मराठी पाटी लावली, 'व्यवसायोपचार विभाग'. त्याने तर कहरच झाला. एक गृहस्थ मुलाच्या नोकरीचा अर्ज घेऊन आले.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजेच ओटी, आहे. गेली बरीच वर्षं "म्हणजे फिजिओच ना?" या प्रश्नाला उत्तर देतेय. लोकांचा दोष नाही. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा उभं करणाऱ्या सगळ्यांना आपण एकच नाव देऊन टाकलंय. पांढरा एप्रन, व्यायाम करून घेतात, झालं, फिजिओ. प्रत्यक्षात ही चार-पाच वेगळी कामं आहेत, त्यांची शिक्षणं वेगळी आहेत, आणि एकाच पेशंटकडे बघताना प्रत्येकाची नजर वेगळ्याच जागी जाते. ही नजर कुठे जाते ते कळलं, की कोणाकडे कधी जायचं हे आपोआप कळतं. म्हणून एका पेशंटची गोष्ट सांगते. नाव बदललंय, आपण त्यांना साळुंखेकाका म्हणू.

काका एसटीचे निवृत्त कंडक्टर. आयुष्य पुणे-सातारा रस्त्यावर गेलं. एका सकाळी चहा पिताना कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं. गावाकडचे लोक म्हणाले, अंगावरून वारं गेलं. डॉक्टरी भाषेत, मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली. मेंदूच्या तारा उलट्या बाजूला जातात, त्यामुळे उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते, त्यामुळे बोलणंही गेलं.

आयसीयूत थेरपीवाल्यांपैकी त्यांच्याकडे सगळ्यात आधी कोण आलं असेल? बहुतेकांचं उत्तर फिजिओ असतं. काकांच्या बाबतीत आली ती स्पीच थेरपिस्ट, आणि तीही बोलायला शिकवायला नव्हे. ती आली होती काकांना गिळता येतं का ते बघायला.

काकू तोवर कुणाचं लक्ष नसताना चमच्याने पाणी पाजत होत्या. "कोरड पडलीय हो त्यांच्या घशाला. नुसतं पाणीच तर देतेय." पण अशा पेशंटला पाणीच सगळ्यात अवघड. पाणी पातळ, जिभेवरून झरकन निसटतं, आणि घशातला पडदा मिटायच्या आत श्वासनळीत उतरतं. तुम्हाआम्हाला ठसका लागेल. लकव्याच्या काही पेशंटना ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात जातं आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो. घट्टसर पेज सावकाश सरकते, म्हणून अनेकांना ती पाण्यापेक्षा सोपी जाते. थेरपिस्ट मानेवर दोन बोटं ठेवून कंठ वर उचलला जातो का ते चाचपते, घोट गेल्यावर 'आ' म्हणायला लावून आवाज ओलसर, घरघरता येतो का ते ऐकते. गरज वाटली तर एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी करायला सांगते. नाकातली नळी कधी काढायची हे ठरवताना डॉक्टर तिचं मत विचारतात. हे सगळं स्पीच थेरपीत येतं हे किती घरांना माहीत असतं? 'तोतरेपणा घालवणाऱ्या बाई' एवढीच ओळख.

या लोकांची पदवी म्हणजे बीएएसएलपी. त्यात ऑडिओलॉजी, म्हणजे कानाचं आणि ऐकण्याचं शास्त्र, आणि वाचा-भाषा हे दोन्ही एकत्र शिकवतात. तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणून तान्ह्या बाळाची श्रवणतपासणी करणारी व्यक्ती आणि काकांचं गिळणं बघणारी व्यक्ती एकाच पदवीची असू शकते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था 1965 सालची, आणि आपल्याकडे वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

काकांच्या बोलण्याकडे परत येते, कारण तिथे एक गंमत झाली. त्यांना ॲफेझिया झाला होता. म्हणजे जीभ ठीक, अक्कल ठीक, पण मनातला शब्द तोंडावर येत नाही. पाण्याचा तांब्या दाखवला तर ते नुसते बघत राहायचे, मग चिडायचे, मग डोळ्यांत पाणी. नातेवाईक अशा वेळी मोठ्याने बोलू लागतात, जणू माणूस बहिरा झालाय. किंवा लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. दोन्ही चूक. तर, स्पीच थेरपिस्टने त्यांना विचारलं, "काका, स्वारगेट..." आणि थांबली. काका पटकन म्हणाले, "कात्रज." ती पुन्हा थांबली. "खेड-शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा." एका दमात! काकू रडायलाच लागल्या. स्वतःचं नाव सांगता न येणारा माणूस सगळे थांबे ओळीने बोलून गेला. हजारदा म्हणून घोटलेल्या गोष्टी, मग ते अंक असोत, वार असोत की गणपतीची आरती, मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. त्याला बोलणं परत आलं असं म्हणत नाहीत. पण थेरपीला धरायला एक टोक मिळतं.

आता फिजिओ. सगळ्यात ओळखीचा आणि सगळ्यात गैरसमज झालेला माणूस. आपल्या लेखी फिजिओ म्हणजे शेक, करंट आणि मालिश. पाठ धरली, दहा दिवस मशीन लावून आलो, बरं वाटलं. मशीनने वेदना कमी होऊ शकते, नाही असं नाही. पण लकव्याच्या पेशंटजवळ चांगला फिजिओ येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा काहीच नसतं. तो हालचाल वाचत असतो. कुशीवर वळताना जोर कुठून घेतात? बसवल्यावर धड कुठल्या बाजूला कलंडतं? उभं राहताना वजन एकाच पायावर टाकतात का? चालताना गुडघा मागे निसटतो का? त्याच्या दृष्टीने चालणं म्हणजे एक लांबलचक वाक्य, त्यातली नेमकी कुठली अक्षरं गळलीत ते त्याला शोधायचं असतं.

पहिल्याच दिवशी त्याने काकूंना आणि मुलाला दम दिला तो हाताबद्दल. लुळ्या हाताला धरून पेशंटला वर ओढायचं नाही. खांद्याचं हाड खोबणीत स्नायूंच्या जोरावर टिकून असतं, स्नायू ढिले पडले की हात नुसता लोंबतो आणि ओढला की हाड खोबणीतून खाली उतरतं. मग महिनोन् महिने दुखणारा खांदा. मदतीच्या भरात घरोघरी ही चूक होते. दुसरी गोष्ट काठीची. दुबळा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. सिनेमावाले काठी हमखास चुकीच्या हातात देतात, त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं कॉलेज मुंबईतलं, परळच्या केईएम हॉस्पिटलातलं, 1953 सालचं. पोलिओचे दिवस होते ते, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. पदवीच्या पहिल्या वर्षाला एमबीबीएसच्या मुलांसारखंच शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र असतं. मग हालचालीचं शास्त्र, विद्युतोपचार, औषधशास्त्राची ओळख, आणि पुढे अस्थिरोग, मेंदू-मज्जासंस्था, हृदय-फुप्फुस. आयसीयूत छातीतला कफ सुटावा म्हणून जो येतो तोही फिजिओच. आजवर हा अभ्यासक्रम चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप असा होता, 2025 मध्ये जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षाची करून तो पाच वर्षांचा केलाय.

माझा नंबर आता. इथे मी जरा रेंगाळणार आहे, हक्कच आहे माझा.

'ऑक्युपेशन' म्हणजे नोकरी नव्हे. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, शर्टाची बटणं, संडासला बसणं, भाकरी थापणं, नातवाला मांडीवर घेणं, तिकीट फाडणं. फिजिओ विचारतो, हात किती उचलला जातो? मी विचारते, उचललेल्या हाताने करायचं काय?

काका माझ्याकडे आले तेव्हा तोल धरून बसू लागले होते. मी विचारलं, घरात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? काकू म्हणाल्या, हात हलत नाही त्याचा. मी काकांकडे बघितलं. त्यांनी डाव्या हाताने शर्ट धरून दाखवला. सून शर्ट घालून देते, त्याची त्यांना लाज वाटत होती. मग आम्ही शर्टापासून सुरुवात केली. शर्ट मांडीवर पालथा पसरायचा, कॉलर गुडघ्यांकडे. दुबळा हात आधी बाहीत घालायचा, कोपराच्या वरपर्यंत ओढून घ्यायचा, मग पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलटं, चांगला हात आधी बाहेर, दुबळा शेवटी. ऐकायला किती साधं! काकांना तीन आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ते शर्ट उलटा घालून आले आणि सुनेला हात लावू दिला नाही असं कळलं. मीही लावला नाही.

इथे फिजिओचं आणि माझं खरं भांडण होतं, आणि ते जगभर चालतं. त्याचं म्हणणं, डाव्या हाताने सगळं करायला शिकवलंस तर उजवा कायमचा आळशी होईल. माझं म्हणणं, उजवा येईल तेव्हा येईल, माणसाला आज आंघोळ करायचीय. दोघांचंही खरं असतं. लकव्यानंतर बहुतेकांची सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, त्या काळात दुबळ्या हाताला कामाला लावायलाच हवं. पण तेवढ्यासाठी एखाद्याला तीन महिने परावलंबी ठेवायचं का? चांगल्या ठिकाणी हे भांडण पेशंटसमोर न होता आठवड्याच्या मीटिंगमध्ये होतं, आणि काहीतरी मधला मार्ग निघतो. काकांच्या बाबतीत तो असा निघाला की कपडे डाव्या हाताने, पण जेवताना ताट धरायला उजवा, मग तो कितीही थरथरो.

उलट्या बाजूचा लकवा असला तर आणखी वेगळीच गोष्ट. उजव्या मेंदूला इजा झालेल्या काहींना जगाची डावी बाजूच जाणवत नाही. डोळे धड असतात, तरी. एक आजोबा अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करून यायचे. ताटातल्या डाव्या बाजूचं तसंच ठेवून "आज चटणी, लिंबू काही वाढलंच नाही" म्हणून सुनेवर रागवायचे. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे असते, हे लक्षात घ्या. घरात खरोखर भांडणं झाली होती त्यावरून. हे हट्टीपण नाही, आजार आहे, हे घरच्यांना समजावणं हाच त्या दिवशीचा उपचार होता.

आणि घरभेट. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर चालणारा माणूस घरी उंबऱ्याला अडखळतो. मी टेप घेऊन जाते. खाटेची उंची, संडासच्या दाराची रुंदी, कडी कुठल्या बाजूला, न्हाणीघराची पायरी. काकांच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास होता, त्यावर ठेवायची खुर्ची आणि भिंतीला एक दांडा एवढ्याने काम भागलं. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची मूठ बसवली की पकड येते. या असल्या किरकोळ गोष्टींची पदवी असते का, असं माझ्या सासूबाईंनी मला लग्नाआधी विचारलं होतं. असते. तीही आजवर साडेचार वर्षांची, पहिल्या वर्षाला तेच शवविच्छेदन, शिवाय मानसशास्त्र आणि मनोविकार, शिवाय स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्ट्या, बनवणं. गतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसोबतचं काम हा तर आमच्यातला मोठा भाग. सुरुवातीला सांगितलेला झोपाळ्यावरचा पोरगा खेळत नव्हता, मान आणि पाठ उचलून धरायला शिकत होता.

हा विषय भारतात आणला एका बाईने. एलिझाबेथ लंडी नावाची, क्वेकर या ख्रिस्ती पंथातली अमेरिकन मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आली आणि कमलाबाई झाली. चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेला परत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि 1950 साली केईएममध्ये त्यांनी शाळा काढली. आशियातली पहिली. फिजिओथेरपीच्याही आधीची, हे मी फिजिओ मित्रांना अधूनमधून ऐकवते. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. सत्तर वर्षं उलटली तरी राज्यात ओटीची कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत, तीही मुख्यतः मुंबई-नागपूरकडे. जिल्ह्याच्या गावात फिजिओ मिळतो, ओटी शोधावी लागते. लहान मुलांसाठी मात्र एक वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्याची सुरुवातच पालघरहून झाली होती. त्याखाली जिल्हा रुग्णालयांत जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत तिथे यातल्या अनेक थेरपिस्टच्या जागा धरलेल्या आहेत. मूल उशिरा बसतंय, बोलत नाहीये असं वाटलं तर आधी तिथे चौकशी करा.

चौथा माणूस तुम्हाला दिसतच नाही, कारण तो वर्कशॉपमध्ये प्लास्टरने माखलेला असतो. प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट. गेलेल्या अवयवाच्या जागी नवा बनवणं आणि असलेल्या दुबळ्या अवयवाला आधार बनवणं, दोन्ही त्याचं काम. काकांचा उजवा पंजा चालताना लोंबायचा, बोटं फरशीला घासायची. त्याने पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन पांढऱ्या प्लास्टिकची एक पट्टी बनवली, पोटरीमागून तळव्याखाली येणारी. पण ती बुटात घालायची असते, आणि आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत. काकूंनी स्वयंपाकघरात बूट येऊ द्यायला साफ नकार दिला. शेवटी घरातल्यासाठी वेगळा, कधी बाहेर न नेलेला बूट ठरला. अनवाणी चालणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं या आपल्या सवयी ओळखूनच रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास जयपूर फूट घडवला होता. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र तर 1944 पासून आहे, आणि मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून.

या सगळ्यांच्या वर डॉक्टर कोण? एमबीबीएसनंतर तीन वर्षं फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये एमडी केलेला, त्याला फिजिॲट्रिस्ट म्हणतात. आखडलेल्या स्नायूला इंजेक्शन द्यायचं का, औषध बदलायचं का, हे तो ठरवतो. असे डॉक्टर कमी आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी न्यूरॉलॉजिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञच चिठ्ठी लिहितो आणि चिठ्ठीवर एकच शब्द असतो, 'फिजिओ'. इथेच गाडी रुळावरून घसरते.

तुम्ही ज्याच्याकडे जाताय तो शिकलेला आहे का, हे कसं ओळखायचं? महाराष्ट्रात फिजिओ, ओटी, स्पीच आणि प्रोस्थेटिक्स या पदव्यांचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, म्हणजे सहा महिन्यांत घरबसल्या सर्टिफिकेट घेऊन कुणी यातलं काही होत नाही. फिजिओ आणि ओटींची राज्यात स्वतंत्र परिषद आहे, 2002 च्या कायद्याने झालेली, तिचा नोंदणी क्रमांक असतो. देशपातळीवर संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा 2021 चा कायदा आता त्यांना लागू आहे. स्पीच-ऑडिओलॉजी आणि कृत्रिम अवयववाल्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे. क्रमांक विचारला तर चांगल्या माणसाला राग येत नाही. मला तर बरंच वाटतं.

राहिला नावामागच्या 'डॉ.'चा वाद. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओंनी हे लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. दोन्ही दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर-शंभर मेसेज. मला स्वतःला पेशंटने ताई म्हटलेलं आवडतं. पण ज्याला तुम्ही डॉक्टर म्हणताय तो नेमका कशातला, हे पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढं मात्र मला ठामपणे वाटतं.

काकांचं सांगायचं राहिलं. चौथ्या महिन्यात उजव्या हाताची मूठ मिटायला लागली, पण रबरी चेंडू दाबायचा त्यांना भयंकर कंटाळा. मी काकूंना विचारलं, जुना तिकिटाचा पंच आहे का घरात? होता, ट्रंकेत, तेलपाणी करून ठेवलेला. मी तीस चौकोनांचा एक कागद आखून दिला. रोजचा व्यायाम झाला की त्या दिवसाच्या चौकोनात उजव्या हाताने भोक पाडायचं. पहिले काही दिवस नुसता कागद चुरगळला. मग एकदा 'खट्' झालं.

महिन्याने कागद घेऊन आले. तीसपैकी एकोणीस भोकं. मी डोळे वटारून उरलेल्या अकरांवर बोट ठेवलं. काका बराच वेळ शब्द शोधत राहिले. काकू मदतीला तोंड उघडणार होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं.

"रजा," काका म्हणाले.